प्रमुख पाहुण्यांची तारीख

गेल्या जुलैपासून कुंभकोणात सेतुराम टेलरना टेलर म्हणायची सोय राहिली नव्हती. शाळेचे गणवेश शिवण्यात ज्यांचा जन्म गेला, महामहम तळ्यामागच्या बोळात ज्यांच्या दुकानातली यंत्रं दिवसभर खडखडतात, ते सेतुराम राव आता 'चेअरमन सार' झाले होते. अन्बु सेवा क्लब नावाची एक संस्था आहे. अन्बु म्हणजे प्रेम. कुंभकोणम्, आडुतुरै, तिरुविडैमरुदूर अशा आसपासच्या गावांत तिच्या शाखा आहेत आणि त्या सगळ्यांच्या डोक्यावर दर वर्षी एक सर्कल चेअरमन बसवतात. जुलैत बसवायचा, जूनमध्ये उठवायचा. मधल्या काळात तो माणूस नेमकं काय करतो हे त्याच्या बायकोइतकं कुणाला ठाऊक नसतं, आणि रुक्मिणीबाईंना तर फारच चांगलं ठाऊक होतं.

पदग्रहणाच्या दिवशी सेतुरामांनी निळा कोट घातला. तो त्यांनी स्वतःच शिवला होता आणि छान शिवला होता, त्यात वाद नाही. पण कुंभकोणातल्या जुलैत कोट घालणाऱ्याच्या अकलेबद्दल काय बोलायचं? घाम कपाळावरून कॉलरमध्ये उतरत होता आणि सेतुराम हसत होते. रुक्मिणीबाईंच्या पदरालाही एक बिल्ला टोचला गेला. त्यावर 'फर्स्ट लेडी' असं लिहिलं होतं. पहिल्या रांगेत बसायचं, पुढे केलेला नारळ घ्यायचा आणि शेजारची टाळ्या वाजवू लागली की आपणही वाजवायच्या, एवढंच त्या पदाचं काम. घरी आल्यावर त्यांनी तो बिल्ला सुया खोचायच्या गादीवर टोचून ठेवला आणि राहिलेली काजं करायला बसल्या. सकाळी शाळेला शर्ट द्यायचे होते.

मग शालींचा पूर आला. तिथे कार्यक्रम म्हटला की पोन्नाडै आलीच, म्हणजे सोनेरी काठाची सन्मानाची शाल. मी तुला घालतो, तू मला घाल, आणि उरलीच तर माइकवाल्यालाही घालू, असा प्रकार. ज्या घरात तीन पिढ्यांनी कापडच चिवडलं त्या घरात ही शाल म्हणजे अपमानच होता. निव्वळ पॉलिस्टर. अंगाला ऊब नाही, भांडी पुसायला घ्यावी तर पाणी शोषत नाही. गिऱ्हाइकानं असलं कापड आणलं असतं तर सेतुरामांनी काउंटरवरूनच परत पाठवलं असतं. पण ह्या शालींच्या त्यांनी इस्त्रीच्या घड्या घातल्या, कपाटात रचल्या, आणि रुक्मिणीबाईंच्या साड्या पलंगाखालच्या ट्रंकेत गेल्या.

सेवाही होत होती, नाही असं नाही. एका शाळेत वह्या वाटल्या. एकेका वहीला क्लबच्या आठ-आठ जणांनी हात लावला आणि सगळे कॅमेऱ्याकडे बघत राहिले. ती वही घेणारी पोरगी फोटोत कुठे दिसतच नाही, नुसती तिची रिबीन दिसते. पण सेतुरामांचा खरा वेळ खाल्ला तो फ्लेक्सनं. प्रत्येक कार्यक्रमाचा फ्लेक्स, प्रत्येक फ्लेक्सवर पदाधिकाऱ्यांचे चेहरे. आडुतुरैचे अध्यक्ष रामलिंग, यांचं खताचं दुकान. तिरुविडैमरुदूरचे अध्यक्ष शंकरनारायण, यांचा मंगल कार्यालयाचा धंदा. एकाचा चेहरा दुसऱ्यापेक्षा बोटभर मोठा छापला गेला आणि दोघांनी महिनाभर एकमेकांशी बोलणं टाकलं. शेवटी सेतुराम गळ्यात टेप अडकवून छापखान्यात गेले आणि हनुवटीपासून भांगापर्यंत दोघांची मापं घेऊन आले. रुक्मिणीबाईंनी विचारलं, "ह्या मापाचें शिवणार काय? टोपडें?" सेतुरामांना त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही.

रुक्मिणीबाईंची जीभ अशी तिखट होती, आणि त्या वर्षात ती तिखट ठेवायला त्यांना रोज काहीतरी मिळत होतं. खरं सांगायचं तर त्यांना त्याची थोडी चटकच लागली होती. नवरा कोट चढवून बाहेर पडला की त्या काजं करत करत त्याच्यावर मनातल्या मनात वाक्यं जुळवत, आणि तो परतला की एकेक काढत. करमणूक म्हणून ते बरं होतं. पुढे ऑक्टोबरात नेत्रशिबिराचं निघालं आणि त्यात नागूअक्का आल्या, तिथे हसणं संपलं.

नागूअक्का म्हणजे सेतुरामांची थोरली बहीण. आई गेली तेव्हा सेतू चार वर्षांचा होता. अक्कांनी त्याला कडेवर वाढवलं, यंत्र चालवून शिकवलं, दुकान त्याच्या नावावर झालं तेव्हा कुठे स्वतःच्या संसाराचं बघितलं, आणि तो संसारही फार दिवस टिकला नाही. आता सत्तरी उलटून गेल्यावर त्या गोविंदपुरमला विठ्ठलाच्या देवळाजवळ एका खोलीत राहत, तुळशीच्या माळा करत आणि भजनाला बसत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. उजव्यात पार पिकलेला, डाव्यात त्यामानानं कमी. तुळशीचं पान बोटांना कळतं म्हणून माळ होत होती, पण देवाच्या कपाळावरचं गंध आता नुसतं पांढुरकं दिसतं, असं त्या सांगत.

डॉक्टरांची फौज यायला तयार होती. शिबिर कधीही घ्या, म्हणत होते. पण क्लबचा एक नियम आहे. कुठे लिहिलेला नाही, तरी कुणी मोडत नाही: प्रमुख पाहुण्यांच्या हातून दीप लागल्याशिवाय सेवा सुरू होत नाही. आणि रामलिंग-शंकरनारायण दोघांनाही चालेल असा पाहुणा एकच होता, क्लबचे माजी प्रांतपाल, चेन्नईचे रविशंकर.

"डोळे डॉक्टर बघणार, मग प्रांतपाल कसाला?" रुक्मिणीबाईंनी विचारलं. घरात त्यांची ती तंजावरी मराठी चाले, पूर्वजांनी मराठ्यांच्या राज्यात बरोबर आणलेली आणि इथेच मुरलेली. महाराष्ट्रातला पाहुणा ती ऐकून गंमत वाटल्यासारखा हसतो. उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की सगळं तमिळ.

"दीप कोण लावणार मग?" सेतुराम म्हणाले. "आणि हें ऐक. दीप लागला की पहिलें नांव अक्काचें. चेअरमनानें आधीं आपल्या घरचें माणूस आणलें, हें असकीं लोकं बघतील."

"अक्कांस उद्यां नेलें तर उद्यां होईल. हॉस्पिटल काय पळून गेलें?"

"उद्यां नेलें तर शिबिरांत पहिली कोण?"

हा प्रश्न त्यांनी अगदी सरळपणे विचारला. लबाडी असती तर रुक्मिणीबाईंना बरं वाटलं असतं. माणूस खरोखरच तसा विचार करत होता.

रविशंकरांची तारीख दीपावलीनंतरची मिळाली. दीपावलीनंतर पाऊस झोडपायला लागला आणि मोठ्या माणसांच्या गाड्या चिखलात घालायच्या नाहीत म्हणून ती पुढे गेली. मग मार्गळी महिना लागला. मार्गळीत देवाचं सगळं करायचं, पण नवं काही सुरू करायचं नाही, असं शंकरनारायणांच्या आईचं म्हणणं पडलं. मग पोंगलनंतर बघू ठरलं, तर पाहुणे परदेशी गेले. प्रत्येक वेळी फ्लेक्स छापून तयार असायचा आणि प्रत्येक वेळी तारखेवर कागदाची पट्टी चिकटवायची. सेतुराम दर वेळी गोविंदपुरमला फोन करत, "अक्का, थोडकें थांब," आणि अक्का दर वेळी म्हणत, "थांबतें की. मला कुठें जायाचें आहे?"

रुक्मिणीबाईंनी ह्या तारखांवरही पुष्कळ वाक्यं जुळवली. नवऱ्याला ऐकवलीही. पण अक्कांना उचलून बसमध्ये बसवायचं त्यांच्या हातून झालं नाही. आज शर्ट आहेत, उद्या स्कर्ट आहेत, आणि मुख्य म्हणजे ह्याचं हसं होतंय ते पुरतं होऊ दे, असं काहीतरी मनात होतं.

पोंगलच्या दुसऱ्या दिवशी त्या ऊस आणि गोड पोंगल, म्हणजे गूळभात, घेऊन गोविंदपुरमला गेल्या. दार लोटलेलं होतं. नागूअक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या, उजव्या डोळ्यावर ओलं फडकं धरलेलं. तुळस परडीत सुकून गेली होती. फडकं बाजूला केलं तर डोळा लालभडक, आणि बाहुलीच्या जागी दुधासारखं काहीतरी.

"कधींपासून?"

"जाहले कीं चार-पांच दिवस. डोकें फुटतें गे, वांत्या होतात. पण सेतू तारीख आली म्हणून सांगेल ना. मधेंच कसाला त्रास द्यायचा त्याला?"

रुक्मिणीबाईंनी पोंगलचा डबा तसाच ठेवला, अक्कांच्या खांद्यावर टॉवेल टाकला आणि त्यांना धरून रस्त्यावर आणलं. आडुतुरैकडून येणारी बस उभी राहिली. बसमध्ये एका बाईनं जागा दिली, तीही न मागता, कुणी फोटो न काढता.

कुंभकोणातल्या एका हॉस्पिटलात डॉक्टर पवित्रा म्हणून एक तरुण बाई होती. तिनं दोन्ही डोळे तपासले, यंत्र लावून दाब बघितला, पुन्हा बघितला. मग खुर्ची ओढून समोर बसली. मोतीबिंदू अति पिकला, त्यानं आत दाब वाढला, आणि त्या दाबानं उजव्या डोळ्याची शीर गेली. दुखणं थांबवता येईल, नजर परत येणार नाही. डाव्याचं ऑपरेशन लगेच करून टाकू, तो चांगला होईल.

"दिवाळीच्या सुमारास आणलं असतं तर ह्याचंही काम साधं होतं," ती म्हणाली. "इतके दिवस का थांबलात?"

"तारीख मिळत नव्हती," रुक्मिणीबाईंच्या तोंडून गेलं.

डॉक्टरला कळेना. "कुणाची तारीख? आम्ही तर रोज करतो."

रुक्मिणीबाईंनी अक्कांच्या खांद्यावरचा टॉवेल सारखा केला. जुलैपासून जिभेवर नाचणारं एकही वाक्य तेव्हा कामाला आलं नाही.

संध्याकाळी त्या दुकानात गेल्या. सेतुराम आणि रामलिंग फ्लेक्सवरची पट्टी सोलून बघत होते. रुक्मिणीबाईंनी नवऱ्याला बाहेर बोलावलं आणि सगळं सांगितलं, काही न गाळता. सेतुरामांनी बोटाला चिकटलेली कागदाची पट्टी झटकली.

"डावा बरा होईल म्हणाले ना?" त्यांनी विचारलं.

"होईल."

"मग बरें. आणि उजव्याचें क्लबांत कुणाला सांगूं नको."

त्या क्षणापासून रुक्मिणीबाईंना नवऱ्याकडून एकच गोष्ट हवी होती. त्यांनी एकदा 'चुकलें' म्हणावं. जगासमोर नको, घरात, अक्कांपुढे, हलक्या आवाजात म्हटलं तरी चालेल. डोळा काही परत येणार नव्हता. पण हा माणूस निदान माणूस आहे एवढं तरी कळलं असतं, आणि उरलेलं आयुष्य त्याच्याबरोबर काढायचं होतं.

डाव्या डोळ्याचं झालं. पट्टी निघाली तेव्हा अक्कांनी आधी रुक्मिणीबाईंचे हात पाहिले आणि म्हणाल्या, "किती वाळलीस गे." सेतुराम संध्याकाळी सफरचंदं घेऊन भेटायला आले. डाव्या डोळ्याबद्दल खूप बोलले.

शिबिर फेब्रुवारीत एकदाचं झालं. रविशंकर आले, त्यांनी दीप लावला, पंख्यानं तो दोनदा विझला, तिसऱ्यांदा लावला तो फोटोपुरता टिकला. पहिली पेशंट म्हणून शंकरनारायणांची स्वयंपाकीण पुढे केली. तिचे डोळे ठणठणीत होते, पण घरचं माणूस म्हणायला कोणी तरी हवंच होतं. एप्रिलात ताकाचा मांडव घातला. बसस्टँडापाशी ताकाची मडकी ठेवली, फीत कापली, पदाधिकाऱ्यांनी पहिला पेला एकमेकांना पाजला. दुपारी रुक्मिणीबाई तिथून गेल्या तेव्हा मडकी कोरडी पडली होती, आणि मागे फ्लेक्सवर तेवढे चेहरे एका मापाचे हसत होते. रुक्मिणीबाईंनी त्यावर काही वाक्य जुळवलं नाही. आता सगळ्याची किळसच येत होती.

जूनमध्ये पद सोडायचा समारंभ आला. जाणाऱ्या चेअरमनला वर्षाचा आढावा द्यावा लागतो. सेतुराम रोज दुकान बंद झाल्यावर कपाटाच्या आरशापुढे उभे राहून तो घोकू लागले. तमिळ भाषण, मधे मधे इंग्रजी, आणि 'सेवा' हा शब्द आला की एक हात छातीवर. रुक्मिणीबाई शिवण उसवत बसल्या होत्या. एका वाक्यावर त्यांचा हात थांबला.

"गोविंदपुरमची वृद्ध माता म्हणजे कोण?"

"अक्का."

"तिला दृष्टी तुमच्या क्लबानें दिली?"

"माझ्या वर्षांत तर मिळाली ना," सेतुराम म्हणाले. मग आरशातूनच पुढे म्हणाले, "अक्काला मंचावर बोलवणार आहें. शाल घालायची. मी विचारलें तिला, येतें म्हणाली."

रुक्मिणीबाई दुसऱ्या दिवशी तडक गोविंदपुरमला गेल्या. अक्का दारात तुळस निवडत होत्या, नव्या चष्म्यातून एकेक पान उलटं करून बघत. रुक्मिणीबाई म्हणाल्या, तुम्ही यायचं नाही. तुम्हांला तिथे उभं करून ते स्वतःचं कौतुक करून घेणार. डोळा घालवला त्यांनी तुमचा, आणि आता उरलेल्याचा फोटो काढणार.

अक्कांनी सगळं ऐकून घेतलं. मग एक किडकं पान काढून टाकलं.

"जाऊं दे गे," त्या म्हणाल्या. "येवढेंच येतें त्याला."

रुक्मिणीबाईंनी वर्षभर जे जे बोलून ठेवलं होतं, त्यातलं काही ह्या तीन शब्दांजवळ पोचत नव्हतं. आणि अक्का ते रागानंही बोलल्या नव्हत्या.

समारंभ शंकरनारायणांच्या मंगल कार्यालयात होता. एसी होता, म्हणून कोटवाले निदान घामेजले नव्हते. रुक्मिणीबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या, बिल्ला न लावता; शेजारणीनं दोनदा आठवण केली, त्यांनी दोनदा ऐकलं नाही. आढावा सुरू झाला. वह्या आल्या, ताक आलं, दीप आला. 'सेवा' आली, हात छातीवर गेला. मग सेतुराम थांबले, चष्मा पुसला आणि म्हणाले, आता तुम्हांला एक दृष्टी मिळालेली माता भेटणार आहे, आणि सांगायला अभिमान वाटतो, ती माझी सख्खी बहीण आहे.

नागूअक्का पायऱ्या चढून वर गेल्या. हिरवी नऊवारी, चंदनाचा टिळा, हात जोडलेले. टाळ्या झाल्या. सेतुरामांनी शाल उलगडली, बहिणीच्या खांद्यांवर घातली आणि तिच्या उजव्या बाजूला कॅमेऱ्याकडे तोंड करून उभे राहिले. माइक दोघांच्या मधेच होता.

अक्का मान वळवून भावाला शोधू लागल्या. तो त्यांना सापडेना. मग त्या नेहमीच्या आवाजात, घरातल्या भाषेत म्हणाल्या, "सेतू, ह्या बाजूस नको उभा राहूं रे. हा डोळा गेला ना. इकडून मला तूं दिसत नाहींस."

माइकनं ते शब्द सगळ्या कार्यालयात नेले. भरलेल्या कार्यालयात ते कळणारी माणसं तीनच होती. एक बोलली होती, एक तिच्या शेजारी उभा होता, एक पहिल्या रांगेत बसली होती. रुक्मिणीबाईंनी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. ओठ हलले होते, बंद झाले होते. आता म्हणतील, त्यांना वाटलं. ह्या गर्दीत आपल्या भाषेत म्हणायला काय हरकत आहे, कुणाला कळणारही नाही. एकच तर शब्द आहे.

सूत्रसंचालकानं माइक पुढे केला. "सार, अम्मा काय म्हणाल्या?"

सेतुराम बहिणीच्या मागून डाव्या बाजूला आले. "आशीर्वाद दिला," ते तमिळमध्ये म्हणाले. "क्लबला, आपल्या सगळ्यांना."

टाळ्यांनी कार्यालय दणाणलं. फोटो निघाले. अक्कांना तमिळ चांगलं येतं; त्यांनी ते ऐकलं आणि पुन्हा एकदा हात जोडले. मग कुणीतरी त्यांना खाली आणून रुक्मिणीबाईंच्या शेजारी बसवलं. रुक्मिणीबाईंनी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. त्यांनी अक्कांच्या खांद्यावरची ती शाल ओढून काढली आणि खुर्चीखाली टाकली.

"खोटें बोलले," त्या म्हणाल्या. "तुमच्या समोर."

"हो गे. लहानपणीं खोटें बोलला कीं कान लाल व्हायचे त्याचे," अक्का म्हणाल्या. "आतांही झाले. लाल लाल. मी पाहिलें."

रुक्मिणीबाईंनी मंचाकडे पाहिलं. सेतुरामांना आता रविशंकर शाल घालत होते. रुक्मिणीबाईंचे दोन्ही डोळे चांगले होते, आणि त्या कितीतरी वेळ निरखून बघत राहिल्या. त्यांना नुसती शालच दिसली.